मूत्रपिंडातील ॲमिनो अम्लांचे पुनःशोषण आणि विषद्रव्ये

'मूत्रपिंड' ह्या शब्दाने त्या इंद्रियावर थोडा अन्यायच केला आहे. ज्या इंद्रियाचे नाव त्याने बाहेर टाकलेल्या वस्तूवरून पडले, त्याचे कार्यही बाहेर टाकणे हेच असावे, असा समज नावाबरोबरच वाचकाच्या मनात शिरतो. 'वृक्क' हा जुना संस्कृत शब्द ह्या दृष्टीने निर्दोष म्हणावयास हवा. परंतु व्यवहारात तो रुळला नाही. वस्तुस्थिती अशी आहे की, मूत्रपिंडाच्या श्रमाचा फार मोठा भाग टाकण्यात नव्हे, तर टाकलेले परत घेण्यात खर्च होतो. निरोगी प्रौढ माणसाच्या दोन्ही मूत्रपिंडांतून दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. मूत्र म्हणून शरीराबाहेर पडतो तो जेमतेम दीड लिटर. शरीरातील एकंदर रक्तद्रव सुमारे तीन लिटर असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे तोच द्रव दिवसाकाठी साठ वेळा गाळला जातो असा हिशेब निघतो. ह्या द्रवाबरोबर सुमारे ५० ग्रॅम ॲमिनो अम्लेही दररोज गाळणीतून खाली उतरतात. प्रथिनांचे हे घटक शरीराने अन्नातून मोठ्या प्रयासाने मिळविलेले असतात. मूत्रात मात्र त्यांचा ग्रॅमभर अंश क्वचितच सापडतो. उरलेली सर्व अम्ले परत रक्तात गेलेली असतात.

ह्या परत घेण्याच्या क्रियेस पुनःशोषण म्हणतात. त्यातील 'पुनः' हे अव्यय केवळ इंग्रजी उपसर्गाचे भाषांतर नव्हे. जे द्रव्य आतड्यातून एकदा शोषले गेले होते, तेच येथे दुसऱ्यांदा शोषले जाते, हा इतिहास त्या शब्दात नोंदलेला आहे. विषबाधा झाली असता ही क्रिया कोठे आणि कशी बिघडते, व तिच्या बिघाडाच्या स्वरूपावरून विषाच्या कार्याविषयी काय ओळखता येते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. प्रत्येक घटकाच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असून त्यातून रक्त दाबाखाली वाहत असता पाणी आणि लहान रेणू गाळले जातात. रक्तपेशी आणि मोठी प्रथिने मागे राहतात. उपयुक्त काय आणि निरुपयोगी काय, हा विवेक ह्या गाळणीपाशी नाही. तो तिच्या पुढील नलिकेपाशी आहे, आणि त्यातही नलिकेच्या आरंभीच्या, बऱ्याच अंशी नागमोडी भागापाशी. ह्या भागास समीपस्थ नलिका असे म्हणतात. गाळलेल्या पाण्याचा आणि सोडियमचा सुमारे दोनतृतीयांश अंश, आणि ग्लुकोज व ॲमिनो अम्ले तर जवळजवळ संपूर्णतः, येथेच परत घेतली जातात. समीपस्थ नलिकेतून जे निसटले ते बहुतांशी मूत्रात गेलेच असे समजावे. सर्व ॲमिनो अम्ले सारख्याच काटेकोरपणे परत घेतली जातात असे मात्र नाही. ग्लायसिन आणि हिस्टिडिन ही निरोगी माणसाच्या मूत्रातही बऱ्यापैकी आढळतात. ल्यूसिन, व्हॅलिन ह्यांच्यासारखी अम्ले नाममात्रच.

समीपस्थ नलिकेच्या पेशीला दोन मुखे आहेत असे म्हणता येईल. एक नलिकेच्या पोकळीकडे. त्यावर कुंचल्याच्या केसांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांमुळे शोषणाचा पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो. दुसरे मुख रक्ताकडे. ॲमिनो अम्ल पहिल्या मुखाने आत येते आणि दुसऱ्याने रक्तात जाते. परंतु पेशीच्या आत ॲमिनो अम्लांचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा अधिक असते. तेव्हा पोकळीतून पेशीत येणे म्हणजे चढावावर चढणे होय, आणि चढावासाठी बळ लागते. हे बळ कोठून येते ह्या प्रश्नाचे उत्तर दोन शोधांनी मिळाले. इ. स. १९५७ मध्ये डेन्मार्कमधील येन्स स्कौ ह्यांनी पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध प्रसिद्ध केला. हा पंप एटीपीच्या एका रेणूच्या मोबदल्यात सोडियमचे तीन आयन पेशीबाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो. ह्या कार्याबद्दल स्कौ ह्यांना पुढे चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. दुसरी कल्पना रॉबर्ट क्रेन ह्यांनी १९६० मध्ये प्राग येथील सभेत मांडली. आतड्यात ग्लुकोज एकटा आत येत नाही, सोडियमच्या जोडीने येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. तेच तत्त्व बहुतेक ॲमिनो अम्लांना आणि मूत्रपिंडालाही लागू पडते, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले.

ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. रक्ताकडील मुखावरचा पंप सोडियम सतत उपसत राहतो. त्यामुळे पेशीच्या आत सोडियम कमी, आणि पोकळीत अधिक. ही तफावत मिटविण्यासाठी सोडियम पोकळीतून आत शिरू पाहतो, परंतु पटलातील वाहक प्रथिने त्याला एकट्याला येऊ देत नाहीत. ॲमिनो अम्लाचा रेणू बरोबर असेल तरच दार उघडते. उंचावर चढविलेले पाणी खाली पडताना पाणचक्की फिरवते, तसाच हा प्रकार आहे. पाणचक्की फिरते ती पाण्याने. पण पाणी वर चढविले पंपाने, आणि पंपाला इंधन लागले. ही उपमा ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावर आधारलेले आहे.

दारे अनेक आहेत. उदासीन ॲमिनो अम्लांसाठी एक, ग्लुटामिक व ॲस्पार्टिक ह्या आम्लधर्मी अम्लांसाठी वेगळे, आणि सिस्टीन, लायसिन, आर्जिनीन, ऑर्निथीन ह्या गटासाठी आणखी एक. हे शेवटचे दार सोडियमवर प्रत्यक्ष चालत नाही. ते देवघेवीवर चालते. आतले एक उदासीन अम्ल बाहेर द्यावयाचे आणि बाहेरचे सिस्टीन आत घ्यावयाचे. पण देण्यासाठी आत साठा हवा, आणि तो साठा सोडियमच्या बळावरच जमलेला असतो. म्हणजे ह्या दाराचीही भिस्त अखेरीस पंपावरच आहे.

ह्यावरून पुनःशोषण बिघडण्याचे दोन अगदी भिन्न प्रकार संभवतात. एखादे दार मुळातच सदोष असेल, किंवा सर्व दारे शाबूत असून त्यांना चालविणारे बळ नाहीसे झाले असेल. पहिल्या प्रकारात मूत्रात ॲमिनो अम्लांचा एक ठरावीक गट उतरेल. दुसऱ्यात सरसकट सर्व. भाषाभ्यासकाला ह्यात एक परिचित गोष्ट दिसेल. एखादा माणूस केवळ 'र' उच्चारू शकत नाही, बाकीचे सर्व वर्ण स्वच्छ उच्चारतो. दुसऱ्याचा श्वासच अपुरा पडत असल्याने त्याचा प्रत्येक वर्ण क्षीण ऐकू येतो. दोष जिभेच्या एका हालचालीत आहे की फुप्फुसात, हे तोंडात न डोकावताही, चुकांच्या आकृतिबंधावरून श्रोत्याला सांगता येते.

पहिल्या प्रकाराचा इतिहास जुना आहे. १८१० मध्ये वुलस्टन ह्या इंग्रज रसायनज्ञाने मूत्राशयातील एका खड्यात एक नवे द्रव्य शोधले. पुढे १८३३ मध्ये बर्झेलियसने त्याला मूत्राशयवाचक ग्रीक शब्दावरून 'सिस्टीन' हे नाव दिले. खरे पाहता मूत्राशयाशी त्याचा संबंध केवळ आगंतुक होता. १८९९ मध्ये मर्नर ह्यांनी तेच द्रव्य शिंगातून मिळविले, आणि केस, नखे, लोकर ह्यांतील प्रथिनांचा तो एक मुख्य घटक आहे हे कळून चुकले. तोवर नाव रूढ होऊन गेले होते. विज्ञानातील नावे पुष्कळदा वस्तूचा स्वभाव सांगत नाहीत, ती प्रथम कोठे भेटली एवढेच सांगतात. १९०८ मध्ये आर्चिबाल्ड गॅरड ह्यांनी सिस्टीनच्या ह्या विकाराची गणना चयापचयाच्या उपजत दोषांत केली. दोष शरीराच्या रसायनक्रियेत नसून मूत्रपिंडाच्या वाहकात आहे, हे डेंट आणि रोझ ह्यांनी १९५१ मध्ये दाखविले. ह्या रोग्यांच्या मूत्रात सिस्टीनबरोबर लायसिन, आर्जिनीन आणि ऑर्निथीन हीही उतरतात, बाकीची उतरत नाहीत. म्हणजे चौघांचे दार एकच. १९५६ मध्ये वर्णन झालेल्या हार्टनप विकारात असेच उदासीन अम्लांचे दार बंद असते. त्याची जनुक २००४ मध्ये निश्चित झाली.

हे सर्व ओळखता आले ते एका साध्या साधनामुळे. कॉन्स्डन, गॉर्डन आणि मार्टिन ह्यांनी १९४४ मध्ये कागद-वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली. गाळण-कागदाच्या कोपऱ्यावर मूत्राचा थेंब ठेवावयाचा, कागदातून एकदा एका दिशेने आणि मग काटकोनात दुसऱ्या दिशेने विद्रावक चढू द्यावयाचा, आणि शेवटी निन्‌हायड्रिन शिंपडून कागद तापवावयाचा. प्रत्येक ॲमिनो अम्ल आपापल्या जागी जांभळा ठिपका उमटविते. प्रोलीन तेवढे पिवळा. लंडनमध्ये चार्ल्स डेंट ह्यांनी हे तंत्र रोग्यांच्या मूत्राला लावले. निरोगी माणसाच्या कागदावर मोजके फिकट ठिपके दिसत. सिस्टीन-विकारात ठरावीक जागांवर गडद ठिपके. आणि काही रोग्यांच्या बाबतीत सगळा कागदच ठिपक्यांनी भरून जाई.

हा तिसरा नकाशा विचारात पाडणारा होता. असे सरसकट ठिपके यकृत निकामी झाले तरी येऊ शकतात. तेव्हा रक्तातच अम्ले साठतात आणि ओसंडून मूत्रात उतरतात. म्हणून रक्ताची तपासणी केल्यावाचून मूत्रपिंडाला दोषी ठरविता येत नाही. पण ज्यांच्या रक्तातील अम्ले नेहमीच्या प्रमाणात असूनही कागद भरला, त्यांच्या मूत्रात आणखीही काही सापडे. रक्तातील साखर वाढलेली नसताना मूत्रात ग्लुकोज. फॉस्फेट, बायकार्बोनेट, युरिक अम्ल. आणि आकाराने लहान असलेली प्रथिने. इटलीत द तोनी, फ्रान्समध्ये दब्रे आणि स्वित्झर्लंडमध्ये फँकोनी ह्यांनी १९३० नंतरच्या दशकात मुलांमधील ह्या लक्षणसमूहाचे वर्णन केले होते, आणि आज तो बहुधा एकट्या फँकोनींच्या नावाने ओळखला जातो. ग्लुकोजचे दार वेगळे, फॉस्फेटचे वेगळे, ॲमिनो अम्लांची तर अनेक. ही सगळी एकाच वेळी नादुरुस्त झाली असे मानण्यापेक्षा, त्या सर्वांना पुरणारे बळ तुटले असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

ह्या अनुमानाला प्रायोगिक आधार एका अनपेक्षित द्रव्याने दिला. १९५० मध्ये बर्लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅलेइक अम्लाचा मूत्रपिंडाच्या कार्यावरील परिणाम नोंदविला. १९५४ मध्ये हॅरिसन दांपत्याने हेच अम्ल उंदरांना टोचून त्यांच्या मूत्रात ग्लुकोज, फॉस्फेट आणि ॲमिनो अम्ले एकदम उतरविली. फँकोनींचा लक्षणसमूह प्रयोगशाळेत हुकमी निर्माण करता येऊ लागला. मॅलेइक अम्लाचे एक भावंड आहे, फ्यूमेरिक अम्ल. दोघांतील अणू तेच आणि तितकेच. फरक इतकाच की, एकात दोन टोके दुहेरी बंधाच्या एकाच बाजूस आहेत, तर दुसऱ्यात विरुद्ध बाजूंस. फ्यूमेरिक अम्ल प्रत्येक पेशीच्या ऊर्जाचक्रातील नित्याची पायरी आहे आणि निरुपद्रवी आहे. मॅलेइक अम्लाला मात्र मूत्रपिंडातील एक एंझाइम ओळखण्यात फसते आणि त्याला सहएंझाइम-अ जोडून देते. अशा रीतीने सहएंझाइम अडकून पडले की इंधन जाळण्याचे चक्र मंदावते, एटीपी घटते आणि सोडियम-पंप लंगडा पडतो. दारांना कोणी हात लावलेला नसतो. अर्थात ह्या प्रश्नावर मतभेद झाले नाहीत असे नाही. अम्ले आत शिरणेच कमी होते, की आत शिरलेली पुन्हा पोकळीत झिरपतात, ह्याविषयी संशोधकांत बराच काळ वाद चालला. बळ तुटलेल्या पेशीत दोन्ही घडू शकते, हे लक्षात घेतल्यास तो वाद वाटतो तितका तीव्र राहत नाही.

समीपस्थ नलिकाच विषाला सर्वांत आधी का बळी पडते, ह्याची कारणे तिच्या स्वभावातच आहेत. शरीराच्या वजनाचा अर्धा टक्काही न भरणारी मूत्रपिंडे हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पंचमांश भाग घेतात. साहजिकच रक्तातील विषही त्याच प्रमाणात त्यांच्याकडे येते. समीपस्थ नलिकेची पेशी साखर प्राणवायूवाचून विघटित करून निभावू शकत नाही. ती मुख्यतः मेदाम्ले जाळते आणि त्यासाठी तंतुकणिकांवर सर्वस्वी अवलंबून असते. तंतुकणिकांवर घाला घालणारे कोणतेही द्रव्य म्हणूनच ह्या पेशीला प्रथम जाणवते. आणि तिसरे कारण अधिक मार्मिक आहे. जे जे खाली आले ते उचलून आत घ्यावयाचे, हा ह्या पेशीचा धर्म. त्या धर्मापायी ती विषही उचलते.

शिशाच्या विषबाधेत हे प्रथम ठळकपणे दिसून आले. १९५३ मध्ये विल्सन, थॉमसन आणि डेंट ह्यांनी शिशाची बाधा झालेल्या एका बालकाच्या मूत्रातील ॲमिनो अम्लांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५६ मध्ये क्लार्कसन आणि केंच ह्यांनी जड धातू शरीरात गेलेल्या प्रौढांच्या मूत्राची अशीच तपासणी केली. पण हा प्रश्न सर्वांत आस्थेने हाताळला तो अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जुलियन चिझम ह्यांनी. त्या शहराच्या जुन्या वस्तीतील घरांच्या भिंतींना आणि खिडक्यांना शिसेयुक्त रंग दिलेला असे. त्याचे पोपडे निघत, आणि रांगती मुले ते तोंडात घालीत. शिशाने मेंदूला सूज येऊन झटके आलेल्या मुलांच्या मूत्रात ॲमिनो अम्ले, ग्लुकोज आणि फॉस्फेट आढळतात, आणि हा नलिकेच्या इजेचा परिणाम होय, असे चिझम ह्यांनी १९६२ मध्ये मांडले. दिलाशाची बाब अशी की, धातूला बांधून बाहेर काढणारी औषधे दिल्यावर मूत्रातील ही गळती थांबत असे. नलिका पूर्ववत होई. मेंदूविषयी तसे म्हणता येत नसे. बाल्टिमोरने घरांच्या अंतर्भागात शिसेयुक्त रंग वापरण्यास १९५१ मध्येच बंदी केली होती. संपूर्ण अमेरिकेत घरगुती रंगांतून शिसे हद्दपार होण्यास १९७८ उजाडले.

शिसे हे आपल्याकडेही अपरिचित नाही. पारंपरिक शेंदूर हा रासायनिक दृष्ट्या शिशाचाच ऑक्साइड आहे, आणि रसशास्त्रात 'नाग' म्हणजे सर्प नव्हे, शिसे. अमेरिकेत बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक औषधांच्या तपासणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. परंपरेविषयीचा आदर आणि विश्लेषणाचा आग्रह ह्यांत विरोध मानण्याचे कारण नाही. नाव प्राचीन असले म्हणून आयन सौम्य होत नाही.

पारा आणि युरेनियम ह्यांचे कार्य थोडक्यात सांगता येईल. पारा प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतो, आणि असे गट पंपात, एंझाइमांत आणि काही वाहकांतही असतात. तेव्हा येथे बळ आणि दार ह्यांतील सीमारेषा थोडी पुसट होते. वर मांडलेला भेद उपयुक्त आहे, निरपवाद नव्हे. तांब्याचा प्रकार किंचित वेगळा. उपजत दोषामुळे यकृतात तांबे साठणाऱ्या विल्सन-विकारातही मूत्रात ॲमिनो अम्ले उतरतात, हे उझमन आणि डेनी-ब्राउन ह्यांनी १९४८ मध्ये नोंदविले. ह्या विकारात विष बाहेरून येत नाही. शरीर स्वतःच ते साठविते.

कॅडमियमची कथा मात्र अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पेशीच्या स्वतःच्या कर्तव्यनिष्ठेने तिचा घात कसा होतो, हे इतर कोणत्याही विषात इतके स्पष्ट दिसत नाही. १९५० मध्ये स्वीडनमधील लार्स फ्रिबर्ग ह्यांनी कॅडमियमच्या विद्युत्घटांच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्रात असाधारण प्रथिने जातात असे दाखविले. १९५७ मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली ह्यांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून कॅडमियम धरून ठेवणारे एक लहान प्रथिन वेगळे केले. त्याला पुढे मेटॅलोथायोनीन हे नाव मिळाले. हे प्रथिन वस्तुतः संरक्षक आहे. यकृत ते तयार करते, कॅडमियमला त्यात जखडून टाकते, आणि तोवर शरीर सुरक्षित राहते. पण यकृतातून हळूहळू ही जोडी रक्तात येते; आणि प्रथिन लहान असल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीतून सहज खाली उतरते. खाली समीपस्थ नलिका उभीच आहे. एक उपयुक्त प्रथिन वाया जात आहे, अशा समजाने ती ते उचलून आत घेते, आपल्या पाचक पिशव्यांत त्याचे तुकडे करते, आणि त्यांतून मिळालेली ॲमिनो अम्ले रक्ताला परत करते. मागे उरते ते मोकळे झालेले कॅडमियम. पेशी स्वतःचे मेटॅलोथायोनीन तयार करून त्याला पुन्हा बांधते. असे वर्षानुवर्षे चालते. मूत्रपिंडातील कॅडमियम निम्म्यावर येण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंडाच्या बाह्य भागात दर ग्रॅममागे सुमारे २०० मायक्रोग्रॅम इतका साठा झाला, म्हणजे बांधण्याची शक्ती संपते, अशी मर्यादा दीर्घकाळ मानली गेली आहे. काहींच्या बाबतीत ती त्याहून पुष्कळ खाली असते. त्यानंतर मोकळे कॅडमियम तंतुकणिकांना आणि पंपाला भिडते.

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या खोऱ्यात हे सर्व एका संपूर्ण वस्तीवर घडले. नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त आणि शिशाची खाण होती. जस्ताच्या खनिजात कॅडमियम मिसळलेले असतेच. खाणीचा गाळ नदीत, नदीचे पाणी भातखाचरांत, आणि तेथून कॅडमियम तांदळात. रोगी बहुतांशी पन्नाशीच्या आसपासच्या किंवा त्याहून वृद्ध, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया असत. त्यांची हाडे इतकी मऊ आणि ठिसूळ होत की खोकल्यानेही बरगडी मोडे. त्यांच्या कण्हण्यावरूनच रोगाचे नाव पडले, 'इताई-इताई'. म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. वैद्यकात रोगाला संशोधकाचे, गावाचे किंवा अवयवाचे नाव मिळते; रोग्याच्या तोंडचा शब्दच, तोही त्याच्या द्विरुक्तीसह, रोगाचे नाव होऊन बसल्याची उदाहरणे विरळा. पुनरुक्तीने वेदनेचे सातत्य सुचविण्याची ही रीत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

स्थानिक वैद्य नोबोरू हागिनो ह्यांनी ह्या रोगाचा पिच्छा पुरविला आणि १९६१ मध्ये त्याचा संबंध कॅडमियमशी जोडला. १९६८ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तो मान्य केला. हाडांचा रोग आणि नलिकेचा बिघाड ह्यांतील दुवा आता उघड आहे. नलिका बिघडली की फॉस्फेट मूत्रातून वाहून जाते. शिवाय ड जीवनसत्त्वाला त्याचे कार्यक्षम रूप देण्याची अखेरची रासायनिक पायरीही ह्याच समीपस्थ नलिकेत पार पडते, तीही अडते. मुलांमध्ये ह्याचा परिणाम मुडदूस, प्रौढांमध्ये अस्थिमार्दव. ह्या स्त्रियांच्या मूत्रात ॲमिनो अम्ले आणि ग्लुकोजही मोठ्या प्रमाणात आढळत, पण त्यांच्या हाडे मोडण्याचे कारण ती नव्हती. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मूत्रातून जाणाऱ्या ॲमिनो अम्लांमुळे माणूस प्रथिनांवाचून उपाशी पडत नाही. गळती कितीही झाली तरी आहार ती बहुधा भरून काढतो. खरी हानी फॉस्फेटच्या आणि बायकार्बोनेटच्या नाशाने होते. ॲमिनो अम्लांचे महत्त्व साक्षीदाराचे आहे.

औषधेही ह्या यादीत येतात. १९६३ मध्ये फ्रिम्टर आणि सहकाऱ्यांनी जुन्या, विघटित झालेल्या टेट्रासायक्लीनच्या गोळ्यांनी फँकोनींचा लक्षणसमूह उद्भवल्याचे सांगितले. गोळ्या थांबविल्यावर रोगी बरे झाले. कर्करोगावरील इफॉस्फमाइडचे शरीरात विघटन होऊन क्लोरोॲसिटाल्डिहाइड निर्माण होते व ते नलिकेला इजा करते. त्याच्याच सायक्लोफॉस्फमाइड ह्या भावंडापासून ते फार कमी तयार होत असल्याने तसा अपाय सहसा होत नाही. एचआयव्हीवरील उपचारात भारतासह जगभर वापरले जाणारे टेनोफोव्हिर नलिकेच्या पेशीत रक्ताच्या बाजूने, तेथील वाहकांच्या मार्गे शिरते. ते तेथे साठले तर तंतुकणिकांना उपद्रव देते. हे अल्पसंख्य रोग्यांतच घडते, आणि मूत्राची तपासणी वेळेवर झाली तर औषध बदलून टाळताही येते.

विषबाधा कितपत परतविता येईल, हे विष पेशीत किती काळ राहते ह्यावर बरेचसे अवलंबून असते. टेट्रासायक्लीनचा अपाय औषध थांबताच ओसरू लागतो. शिसे औषधाने बांधून काढता येते. कॅडमियम मात्र एकदा नलिकेत स्थिरावले की त्याला तेथून हलविण्याचा खात्रीचा उपाय नाही. तेव्हा हाडे मोडण्याच्या कितीतरी आधी, रोग्याला काहीच जाणवत नसताना, नलिका ढासळू लागल्याचे कळणे हाच मार्ग उरतो. त्यासाठी आज ॲमिनो अम्लांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याही आधी, मूत्रातील बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मोजले जाते. हे लहान प्रथिन निरोगी नलिका जवळजवळ संपूर्ण परत घेते. ते मूत्रात वाढले की तिच्या उचलण्याच्या शक्तीत उणीव आली असे समजतात.

जिन्झूच्या खोऱ्यात ह्या मोजमापाला न्यायाचाही अर्थ प्राप्त झाला. रोग्यांनी १९६८ मध्ये दाखल केलेला दावा १९७१ मध्ये, आणि त्यावरील अपील १९७२ मध्ये, त्यांच्या बाजूने निकालात निघाले. सरकारदरबारी इताई-इताईचे रोगी म्हणून मान्यता मिळालेल्यांची संख्या सुमारे दोनशेच राहिली, कारण त्या मान्यतेसाठी हाडांचा रोग सिद्ध व्हावा लागे. ज्यांची हाडे शाबूत होती पण नलिका निकामी झाली होती, ती माणसे कोणत्याच यादीत नव्हती. दूषित भातजमिनीवरील माती बदलण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झाले आणि २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर डिसेंबर २०१३ मध्ये खाणकंपनी आणि रहिवाशांच्या संघटना ह्यांच्यात करार होऊन, नलिकेची इजा झालेल्या परंतु इताई-इताई न झालेल्या पात्र व्यक्तींना प्रत्येकी सहा लाख येन देण्याचे ठरले.